१२० फ्रेममध्ये लघुग्रह आहे हे नक्की माहितीये, पण एकाही फ्रेममध्ये दिसत नाही. कसा काढायचा?

रात्रपाळी_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला आहे, सोलापुरातच. आम्ही चार पोरांनी मिळून प्रोजेक्ट घेतलाय, छोट्या टेलिस्कोपच्या फोटोंमधून लघुग्रह प्रोग्रामनं आपोआप शोधायचे. टेलिस्कोप एका सरांचा आहे, ८ इंची न्यूटोनियन, फोकल लेंथ १००० मिमी, त्यावर मोनो कॅमेरा, पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.७८ आर्कसेकंदाचा पडतो (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). शहरात काही जमत नाही, होटगी रोडला गच्चीवर उभं राहिलं तर दिव्यांनी आकाशच धुरकट दिसतं, म्हणून नान्नजच्या पुढं एका मित्राच्या शेतात जातो. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली की तिकडं थंडी पण असते आणि आकाश पण एकदम स्वच्छ.

तर डेटा असा आहे. ३० सेकंदाची एक फ्रेम, अशा १२० फ्रेम, म्हणजे सलग एक तास. मधला २००० गुणिले २००० पिक्सेलचा तुकडा कापून घेतलाय. मायनर प्लॅनेट सेंटरच्या, म्हणजे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीत बघितलं तर त्या वेळेला आमच्या फ्रेममध्ये मुख्य पट्ट्यातला एक लघुग्रह असायलाच पाहिजे, तेज (मॅग्निट्यूड, आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकी) १९ च्या आसपास आणि वेग मिनिटाला ०.६ आर्कसेकंद. पण त्या जागी झूम करकरून बघितलं तरी एकाही फ्रेममध्ये काही नाही, नुसती वाळू.

ओपनसीव्हीतलं एमओजी२ बॅकग्राउंड सबट्रॅक्शन (स्थिर पार्श्वभूमी काढून हलणारं तेवढं दाखवणारं) लावलं तर एक तर सगळा स्क्रीन पांढऱ्या ठिपक्यांनी भरतो नाहीतर थ्रेशोल्ड वाढवला की सगळं काळं. ऑप्टिकल फ्लो, म्हणजे काय कुणीकडं हललं ते बाणांनी दाखवणारा प्रकार, लावला तर बाण दाही दिशांना. मग सगळ्या फ्रेम ताऱ्यांवर जुळवून सरासरी काढली तर एका फ्रेममध्ये न दिसणारे तारे असे काय सुंदर वर आले की बघत बसलो, पण लघुग्रह त्यातही नाही. म्हणजे प्रकाश तर कॅमेऱ्यात आलेला असणार ना, मग तो गेला कुठं? आणि जी गोष्ट एका फ्रेममध्ये दिसतच नाही ती कॉम्प्युटरला कशी दाखवायची? कोणी हे केलं असेल तर सांगा, लायब्ररीचं नुसतं नाव सांगण्यापेक्षा मागचं समजावून सांगितलंत तर जास्त आवडेल, कारण व्हायवाला तेच विचारणारेत.

कोड_कट्टा

भावा योलो घे, फोटोतल्या वस्तू ओळखणारं न्यूरल नेटवर्क. लेटेस्ट व्हर्जन, हजार-दोन हजार फोटो लेबल कर आणि ट्रेन कर, कोलॅबवर फुकट जीपीयू मिळतो. आम्ही ट्रॅफिकच्या कॅमेऱ्याला लावलंय, रात्रीच्या अंधारात पण गाड्या पकडतं. तुझा ठिपका लहान आहे म्हणून इनपुट साईज मोठी ठेव एवढंच.

पिक्सेल_मोजणारा

योलोबद्दल खाली सांगतो, आधी मूळ गोष्ट.

तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे, प्रकाश गेला कुठं. हिशोब कर. मिनिटाला ०.६ आर्कसेकंद म्हणजे मिनिटाला ०.७७ पिक्सेल, एका तासात ४६ पिक्सेल. ताऱ्याचा ठिपका तुझ्याकडं साधारण ४ पिक्सेल रुंद असेल. तू ताऱ्यांवर फ्रेम जुळवल्यास, म्हणून ताऱ्यांचा सगळा प्रकाश एका जागी साठला आणि लघुग्रहाचा तेवढाच प्रकाश ४६ पिक्सेलच्या रेघेवर पसरला, म्हणजे प्रत्येक ठिकाणी जेमतेम अकरावा-बारावा हिस्सा. तो हरवला नाही, तू चुकीच्या जागी गोळा केलास.

मग उलटं करायचं. फ्रेम ताऱ्यांवर न जुळवता लघुग्रहाच्या चालीवर जुळवायच्या. प्रत्येक फ्रेम त्याच्या वेगाइतकी मागं सरकवायची आणि मग बेरीज. गड्ड्याच्या गर्दीत हरवलेल्या पोराबरोबर कॅमेरा चालत राहिला तर गर्दी पुसट होते आणि पोरगं तेवढं स्पष्ट राहतं, तसंच इथं तारे रेघा होतात आणि लघुग्रह ठिपका होतो. याला शिफ्ट अँड स्टॅक म्हणतात, सिंथेटिक ट्रॅकिंग पण म्हणतात, आणि रडारवाले लोक याच विचाराला ट्रॅक बिफोर डिटेक्ट म्हणतात.

फायदा किती? N फ्रेमची बेरीज केली की सिग्नल N पट होतो आणि नॉईज फक्त वर्गमूळ N पट, कारण नॉईज प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा, कधी अधिक कधी उणा. १२० चं वर्गमूळ जवळपास ११. म्हणजे एका फ्रेममध्ये तुझा लघुग्रह ०.८ सिग्मावर (सिग्मा म्हणजे नॉईजचा साधारण चढउतार) असला, जो डोळ्यालाच काय कुठल्याही प्रोग्रामला दिसणार नाही, तो बेरजेत ८.८ सिग्मावर येतो. तेजाच्या भाषेत सुमारे २.६ मॅग्निट्यूडचा फायदा, तोही नवीन टेलिस्कोप न घेता.

आता एमओजी२ का पडलं ते बघ, व्हायवाला हे नक्की विचारतील. त्याचा डिफॉल्ट व्हेरिअन्स थ्रेशोल्ड १६ आहे, ४ चा वर्ग, म्हणजे ४ सिग्मा. ते प्रत्येक पिक्सेलला प्रत्येक फ्रेममध्ये हो की नाही विचारतं आणि नाही म्हटलं की ती माहिती तिथंच टाकून देतं. ०.८ सिग्मावाल्याला १२० वेळा नाही मिळतं आणि १२० नाहींची बेरीज शून्यच. थ्रेशोल्ड ३ सिग्मावर आणलास तर नुसत्या नॉईजमधून हजारी १.३५ पिक्सेल वर उडी मारतात, तुझ्या ४० लाख पिक्सेलमध्ये ५४०० खोटे ठिपके दर फ्रेमला. तुझा पांढरा स्क्रीन तो हाच. शिवाय हळू चालणारी वस्तू एमओजी२ थोड्या वेळानं बॅकग्राउंडमध्येच धरतं. ऑप्टिकल फ्लोचं पण तसंच, तो शेजारच्या पिक्सेलमधल्या उताराकडं बघतो आणि तुझ्याकडं तो सगळा उतार नॉईजचा आहे. म्हणून नियम एकच धर, निर्णय शेवटी घ्यायचा. मधे कुठंही थ्रेशोल्ड नाही, मधे कुठंही ठिपके मोजणं नाही, आकडे जसेच्या तसे शेवटपर्यंत न्यायचे.

करायचं असं. डार्क (झाकण लावून काढलेली फ्रेम) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाची फ्रेम) करेक्शन करून फ्रेम ताऱ्यांवर जुळवून घे. सगळ्यांचा मेडियन काढ आणि प्रत्येक फ्रेममधून वजा कर, तारे जातील. लघुग्रह जाणार नाही, कारण कुठल्याही एका पिक्सेलवर तो दहातल्या एखाद्याच फ्रेममध्ये असतो, मेडियनला त्याचा पत्ताही लागत नाही. ठळक ताऱ्यांच्या जागी वजाबाकी नीट होत नाही, तिथं सरळ मास्क टाक. मग ताऱ्याच्या ठिपक्याच्याच आकाराचा गाऊसियन फिल्टर प्रत्येक फ्रेमला लाव, वर मी धरलेले ०.८ सिग्मा हे या फिल्टरनंतरचे. फिल्टर, सरकवणं, बेरीज हे सगळं लिनिअर आहे त्यामुळं फिल्टर आधी लावला काय नंतर लावला काय उत्तर तेच, पण आधी लावलास तर १२० वेळा लावावा लागतो आणि नंतर लावलास तर प्रत्येक वेगाला एकदा. शेवटी त्या त्या जागच्या नॉईजनं भाग दे म्हणजे सगळं सिग्मात येईल. सरकवताना अर्ध्या पिक्सेलचा फरक राहिला तरी चालतो, तुझा ठिपका ४ पिक्सेलचा आहे, नमपायमध्ये पूर्ण पिक्सेल सरकवून बेरीज केलीस तरी पुरे.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नको. एक, नॉईज कमी करायला म्हणून मेडियन ब्लर लावू नको, तो पहिल्यांदा लहान ठिपकेच खातो. दुसरी, १६ बिटचं ८ बिट करू नको. ६५,५३६ पायऱ्यांच्या २५६ केल्यास की एक पायरी २५६ काउंटची होते, तुझा नॉईज समजा ४० काउंटचा असला तर नॉईजच एका पायरीत बुडाला, लघुग्रहाचं नावच नको. बरेच जण ओपनसीव्हीत टाकायचं म्हणून हे करून बसतात आणि मग पुढचं कितीही चांगलं केलं तरी हाताला काही लागत नाही. व्हिडिओ फाईल तर नकोच, एमपी४ चं कॉम्प्रेशन नेमकं हेच बारीक फरक फालतू समजून फेकतं. कॅमेऱ्याची मूळ फिट्स फाईल पायथनच्या अॅस्ट्रोपायनं उघड, फ्लोट३२ मध्ये ठेव, बस.

आणि ही काही कॉलेज प्रोजेक्टपुरती युक्ती नाही. शनीचे ६२ नवे चंद्र २०२३ मध्ये जाहीर झाले ते हवाईच्या कॅनडा-फ्रान्स-हवाई टेलिस्कोपचे तीन-तीन तासांचे फोटो असेच सरकवून बेरीज करून सापडले, २०२५ मध्ये त्याच टेलिस्कोपवरून अजून १२८ ची भर पडली आणि शनीचा आकडा २७४ वर गेला.

कोड_कट्टा भावा, योलो वाईट नाही पण ते एका फ्रेमकडं बघतं. ट्रॅफिकची गाडी अंधारात असली तरी तिचे दिवे नॉईजच्या कितीतरी वर असतात. इथं एका फ्रेममध्ये शिकण्यासारखं काही नाहीच, लेबल कशावर लावणार? न्यूरल नेटवर्क लावायचंच तर बेरजेनंतर, जे ठिपके वर येतील त्यांचे छोटे तुकडे कापून खरे-खोटे निवडायला. तिथं ते फार छान काम करतं.

रात्रपाळी_सोलापूर

दादा लई लई धन्यवाद, हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही खरंच ८ बिट करत होतो. एक शंका, या लघुग्रहाचा वेग यादीतून माहितीये, पण नवीन शोधायचा असला तर वेग आणि दिशा दोन्ही माहीत नाही, मग कशावर सरकवायचं? सगळे वेग ट्राय करायचे म्हटलं तर लॅपटॉपचं काय होईल?

टॉवेल_लाईन

मी आकाशातलं काही जाणत नाही, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात कापड तपासायच्या कॅमेऱ्यांचं काम बघतो. पण वाचता वाचता लक्षात आलं की हे आमचंच काम चाललंय बघ की.

आमच्याकडं कापड पळत असतं आणि त्यात फिकट डाग, सुटलेला धागा, तेलाचा हलका पट्टा शोधायचा असतो. लाईन-स्कॅन कॅमेरा एका वेळी एकच ओळ बघतो, कापड पळतंय म्हणून एक्स्पोजर वाढवता येत नाही, कमी ठेवावं तर फोटोत नुसता नॉईज. यावर टीडीआय नावाचा कॅमेरा येतो, त्यात एकाऐवजी शे-दीडशे ओळी असतात आणि कापड जसं पुढं सरकतं तसा सेन्सरच्या आतला चार्ज पण त्याच वेगानं एका ओळीतून पुढच्या ओळीत सरकतो. म्हणजे कापडाचा तोच धागा शंभर वेळा बघितला जातो आणि बेरीज चिपच्या पोटातच होते. दादा जे सांगतायत ते सॉफ्टवेअरमध्ये, हे हार्डवेअरमध्ये, तत्त्व एकच.

आणि आता आठवलं, आकाशात पण हे वापरतात. उत्तराखंडात देवस्थळला पाऱ्याच्या आरशाचा ४ मीटरचा टेलिस्कोप आहे, २०२२ मध्ये त्यानं पहिला प्रकाश घेतला. पाऱ्याचा आरसा तिरका करता येत नाही, सांडेल, त्यामुळं तो कायम डोक्यावरच बघतो आणि तारे सरकत जातात, तिथं कॅमेऱ्याचा चार्ज ताऱ्यांच्या वेगानं सरकवतात.

तुझ्या शंकेला माझ्या कामातलं उत्तर देतो. वेग तंतोतंत लागत नाही. आमच्याकडं रोलरवरचा एन्कोडर वेग सांगतो, तो जरा चुकला तर फोटो लगेच बिघडत नाही, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मिळून किती घसरण झाली ते बघायचं. ती घसरण ज्या डागाला शोधतोय त्याच्या रुंदीपेक्षा कमी राहिली तर डाग दिसतोच. म्हणजे तुला सगळे वेग नाही, टप्प्याटप्प्यानं वेग ट्राय करायचेत.

एक सावधगिरी, नॉईज खरोखर दर वेळी वेगळा असेल तरच ते वर्गमूळाचं गणित चालतं. आमच्याकडं साधे दिवे लावले की ते सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, मेनची ५० हर्ट्झ असते ना, त्याचे पट्टे कापडावर सरकताना दिसतात आणि बेरजेत ते पण वर येतात. जे काही नियमानं सरकतं ते सगळं वर येतं, डाग असो का दिवा. तुमच्याकडं असं काय सरकतंय ते आधी शोधून ठेव.

आकडेमोड_बार्शी

काकांनी टप्प्याचं सांगितलं ते अगदी बरोबर, त्यावर आकडे टाकते, कारण पुढचा सगळा खेळ आकड्यांचा आहे आणि हाच भाग लोक घाईत सोडतात.

ठिपका ४ पिक्सेलचा, निरीक्षण १ तासाचं, तर वेगाचा टप्पा ताशी ४ पिक्सेल ठेवा. आडव्या दिशेला उणे ६० ते अधिक ६० म्हणजे ३१ वेग, उभ्या दिशेला ३१, एकूण ९६१ जोड्या. प्रत्येक जोडीला १२० फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये ४० लाख पिक्सेल, म्हणजे जवळपास ४६ हजार कोटी बेरजा. जीपीयूला हे अवघड नाही, साध्या लॅपटॉपवर कंटाळवाणं आहे. पण पाच-पाच फ्रेम आधी न सरकवता एकत्र करा, अडीच मिनिटात लघुग्रह दोन पिक्सेलच हलतो, फारसं नुकसान नाही. १२० च्या २४ झाल्या, काम पाचपट हलकं.

आता खरी गोष्ट, निकाल कुठल्या सिग्मावर लावायचा? बरेच जण पाठ केल्यासारखं ५ सिग्मा म्हणतात. नुसत्या नॉईजनं ५ सिग्मा ओलांडायची शक्यता एक कोटीत साधारण २.९ वेळा. एका फोटोला ते चालतं, ४० लाख पिक्सेलमध्ये सरासरी एखादाच खोटा ठिपका येतो. पण तुम्ही एक फोटो बघतच नाही आहात, ९६१ फोटो बघताय. ४० लाख गुणिले ९६१ म्हणजे ३८४ कोटी वेळा विचारलं, तर ५ सिग्मावर अकराशेच्या घरात खोटे येतील. ६ सिग्मावर चार, ७ वर जवळजवळ शून्य. शेजारचे पिक्सेल आणि शेजारचे वेग एकमेकांशी बांधलेले असतात म्हणून प्रत्यक्षात यापेक्षा कमी येतात, पण अंदाज कळला ना? जितकं जास्त शोधाल तितका उंबरा, म्हणजे थ्रेशोल्ड, वर न्यावा लागतो. याच कारणासाठी तुमचा यादीतला लघुग्रह आधी एकाच वेगावर, अपेक्षित जागेभोवतीच्या छोट्या चौकोनात बघा, तिथं विचारणंच इतकं कमी आहे की ४ सिग्मा पण पुरेल.

वरची टक्केवारी गाऊसियन धरून आहे आणि खरा कॅमेरा तसा सरळ नसतो. म्हणून माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, डेटालाच विचारा. फ्रेमांचा क्रम विस्कटा, पत्ते पिसल्यासारखा, आणि तोच प्रोग्राम तसाच चालवा. खरी चाल मोडली, म्हणजे आता जे काही वर येईल ते सगळं खोटं. ते किती सिग्मापर्यंत जातंय बघा, तुमचा उंबरा त्याच्या वर.

आणि दुसरं, खोटे लघुग्रह स्वतःच फ्रेममध्ये मिसळा. ताऱ्याच्याच आकाराचे ठिपके, वेगवेगळ्या तेजाचे, वेगवेगळ्या वेगाचे, कच्च्या फ्रेममध्ये टाका, वजाबाकीच्या आधी, कारण वजाबाकीत पण थोडं काहीतरी जातंच. मग १८ तेजाचे किती टक्के सापडले, १९ चे किती, १९.५ चे किती, असा आलेख काढा. रिपोर्टमध्ये हा एक आलेख असला की आमचा प्रोग्राम चांगला आहे असं लिहायची गरजच उरत नाही, तो कुठपर्यंत बघतो ते समोर दिसतं. आम्हाला काही सापडलं नाही हे वाक्य पण तेव्हाच अर्थाचं होतं, कारण काय सापडू शकलं असतं ते तुम्ही मोजलेलं असतं. माझ्या मते प्रोजेक्टचा जीव इथं आहे.

रात्रपाळी_सोलापूर

ताई, दादा, काका, आज सगळ्यांना एकदम सांगतो. यादीतला लघुग्रह निघाला!! ८.१ सिग्मा, अपेक्षित जागेपासून दोन-तीन आर्कसेकंदात. होस्टेलवर पोरं नाचली. सरांना रात्रीच फोन केला.

मग पूर्ण ९६१ वेग चालवले तर ७ सिग्माच्या वरचे बरेच ठिपके आले, काही तर २० सिग्माचे, आणि गंमत म्हणजे सगळ्यांचा वेग आणि दिशा एकच. क्रम विस्कटला की सगळे गायब, म्हणजे ताईंच्या कसोटीनं हे खरे झाले ना? पण एवढे लघुग्रह एका ओळीत एकाच वेगानं कसे जातील, विश्वास बसेना.

पिक्सेल_मोजणारा

अभिनंदन मित्रा! जिवाला बरं वाटलं वाचून.

ते ठिपके लघुग्रह नाहीत, हॉट पिक्सेल आहेत. काकांनी सांगितलेला लुकलुकणारा दिवा तो हाच. हॉट पिक्सेल म्हणजे अंधारातही उजळ दिसणारा बिघडलेला पिक्सेल, तो सेन्सरवर एका जागी बसलेला असतो. तुमचं पोलर अलाइनमेंट (टेलिस्कोपचा अक्ष ध्रुवाकडं रोखणं) जरासं तिरकं असणार, त्यामुळं तासाभरात तारे सेन्सरवर हळूहळू सरकले. तू फ्रेम ताऱ्यांवर जुळवल्यास, मग तारे स्थिर झाले आणि हॉट पिक्सेल उलट्या दिशेला त्याच वेगानं चालायला लागले. एकदम सरळ रेषेत, एकदम स्थिर तेजाचे, लघुग्रहाची हुबेहूब नक्कल. क्रम विस्कटला की त्यांची चाल पण मोडते म्हणून ती कसोटी इथं आंधळी आहे, ती फक्त सुट्या नॉईजला पकडते. तपासायचं सोपं आहे, जुळवणीच्या वेळी प्रत्येक फ्रेम किती सरकवली त्याचे आकडे प्रोग्रामकडं असतातच, त्या घसरणीचा वेग आणि या ठिपक्यांचा वेग जुळतो का बघ.

उपाय, डार्क फ्रेम त्याच तापमानाला, त्याच ३० सेकंदाच्या घे आणि वजा कर. सेन्सरचा डार्क करंट साधारण दर ६-७ अंशाला दुप्पट होतो, तुम्ही जानेवारीत काढता ते नशीब, एप्रिलच्या सोलापुरी रात्री हेच चित्र किती वाईट झालं असतं. आणि पुढच्या वेळी डिदरिंग करा, म्हणजे दर काही फ्रेमनंतर टेलिस्कोप मुद्दाम थोडासा इकडं तिकडं हलवायचा, दिशा दर वेळी वेगळी. हॉट पिक्सेलची चाल वेडीवाकडी झाली की कुठल्याही एका वेगावर त्याची बेरीज जमत नाही. डार्कपेक्षा डिदरिंगनं जास्त फरक पडतो असं माझं ठाम मत आहे.

बेरीज करताना साधी सरासरी घेऊ नको, सिग्मा क्लिपिंग लाव, म्हणजे त्या वाटेवरच्या १२० आकड्यांमध्ये एखादाच अचाट मोठा असला, कॉस्मिक रे किंवा सॅटेलाईटची रेघ, तर तो बाजूला पडेल. मेडियन पण चालतो पण त्यात नॉईज सरासरीपेक्षा सव्वा पट राहतो, कष्टानं कमावलेलं थोडं परत जातं.

रात्रपाळी_सोलापूर

घसरणीशी वेग तंतोतंत जुळला दादा, हॉट पिक्सेलच होते. नवीन डार्क वजा केले, सगळे गेले. आता ६ सिग्माच्या वर यादीत नसलेले दोनच उरलेत. सरांनी सांगितलं की विषम नंबरच्या ६० फ्रेम वेगळ्या आणि सम नंबरच्या ६० वेगळ्या बेरीज करून बघा. पहिला ठिपका विषममध्ये ७.४ आणि सममध्ये १.६. दुसरा विषममध्ये ४.८, सममध्ये ४.५. पहिला तर अर्ध्याच फ्रेममध्ये ७.४ जातोय म्हणून आम्हाला तोच भारी वाटतोय. कुणामागं लागायचं? (सिग्मा क्लिपिंग अजून लावलेलं नाही.)

आकडेमोड_बार्शी

दुसऱ्यामागं. पहिला सोडा.

सरांनी फार चांगली कसोटी दिली. खरी वस्तू दोन्ही गटात सारखीच असते, प्रत्येक गटाचा नॉईज १ सिग्मा, तर दोघांच्या फरकाचा नॉईज १.४ सिग्मा. पहिल्या ठिपक्यात फरक ५.८ चा, म्हणजे ४ सिग्माच्या वर विसंगती. दोन्ही मिळून तो ६.४ दिसतो, पण सगळा जोर एका गटातून आलाय. त्या वाटेवरचे विषम फ्रेमचे आकडे एकेक छापून बघा, एखाद्या फ्रेममध्ये कॉस्मिक रे किंवा सॅटेलाईट सापडण्याची शक्यता मोठी. दुसऱ्यात फरक फक्त ०.३, एकत्र ६.६. यादीत नाही म्हणताय तर तुम्ही तेजाची मर्यादा कुठं ठेवून यादी बघितली ते तपासा, २१ पर्यंत वाढवून परत बघा, अंदाजे तेज आणि खरं तेज यात फरक पडतो, आणि आधीच नोंदवलेला लघुग्रह असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

तरीही एका रात्रीचा ठिपका कुणाला कळवू नका, किमान दुसरी रात्र पाहिजेच. त्याचा वेग पण मिनिटाला ०.६ आर्कसेकंदाच्या आसपास धरला तर चोवीस तासात तो सुमारे ८६० आर्कसेकंद पुढं गेलेला असेल, तुमच्या तुकड्यात ११०० पिक्सेल, म्हणजे उद्या टेलिस्कोप त्याच जागी लावला तर तो तुकड्याबाहेर असू शकतो. सापडलेल्या वेगानं उद्याची जागा काढा आणि ती मधोमध धरा. वेगात ताशी २ पिक्सेलची चूक धरली तर २४ तासात ४८ पिक्सेलचा फरक पडेल, तेवढा चौकोन शोधायचा, आणि वेग आता माहितीये म्हणून ९६१ नाही, नऊ वेग पुरतील. उंबरा त्या मानानं खाली येतो, ५ सिग्मा आला तरी मला पटेल. डिदरिंग विसरू नका, आणि चंद्र वाढायच्या आत जा.

रात्रपाळी_सोलापूर

उद्याच निघतो ताई, जागा काढायला बसलोय. कुणी बार्शी रोडनं येणार असेल तर नान्नजला संध्याकाळी सातपर्यंत भेटा, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आमच्याकडून.